एका फोर्कची कागदपत्रे: डेबियन, सीडीआरटूल्स आणि 2006

डेबियन लिनक्समध्ये सीडी-डीव्हीडी लिहिण्यासाठी 'वोडिम' नावाचे पॅकेज मिळते. त्याचा आवृत्ती क्रमांक 9:1.1.11 असा सुरू होतो. यातला पहिला 9 प्रोग्रामच्या लेखकाने दिलेला नाही, तो डेबियनने जोडलेला आहे. डेबियनच्या व्यवहारात त्याला 'एपॉक' म्हणतात. आवृत्त्यांची मोजणी एखाद्या कारणाने मागे आली की हा आकडा वाढवतात. नाहीतर लहान क्रमांकाचे नवे पॅकेज जुने समजले जाते आणि अद्ययावत करताना बाजूला पडते. जून 2005 मध्ये आलेल्या डेबियन 3.1 मध्ये, म्हणजे 'सार्ज'मध्ये, हेच काम 'सीडीरेकॉर्ड' हे पॅकेज करत होते आणि त्याचा क्रमांक 4:2.01 असा सुरू होत होता. 2.01 नंतर 1.1 कसे आले? प्रोग्राम कुणी नव्याने लिहिला नव्हता. मधल्या काळात त्याचा उगम बदलला होता, आणि तो बदलण्याचे कारण परवान्यातल्या एका कलमात होते.

या प्रकरणाची अस्सल साधने जवळपास सगळी शाबूत आहेत. सीडीरेकॉर्ड ज्यात होता त्या सीडीआरटूल्स या मूळ संचाच्या जुन्या आवृत्त्यांचे टारबॉल, म्हणजे सोर्सच्या फाइलींचे गठ्ठे, आहेत आणि प्रत्येक आवृत्तीसोबत लेखकाने लिहिलेली घोषणेची फाइल आहे. डेबियनचे चेंजलॉग आहेत, 377109 क्रमांकाची बग-नोंद आहे, विकासकांच्या सूचीवरचा पत्रव्यवहार आहे, फोर्कच्या, म्हणजे मूळ कोडवरून फुटून निघालेल्या स्वतंत्र प्रकल्पाच्या, सोर्समध्ये ठेवलेली 'फोर्क' याच नावाची एक फाइल आहे आणि मेक्सिकोतल्या एका परिषदेचे चित्रीकरण आहे. शिवाय जीपीएल आणि सीडीडीएल या दोन परवान्यांचे मूळ मजकूर आहेतच. यांत सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे टारबॉल. त्याच्या प्रती जगभरच्या सर्व्हरांवर पसरलेल्या असल्याने फाइलच्या माथ्यावर कोणत्या दिवशी काय लिहिलेले होते, याबद्दल नंतर वाद घालता येत नाही. चेंजलॉग आणि बग-नोंद त्याखालोखाल, कारण त्या तारखेसह जशाच्या तशा राहतात. दोन्ही पक्षांनी पुढे वर्षानुवर्षे लिहिलेली स्पष्टीकरणे मी दुय्यम धरली आहेत. ती खोटी आहेत असे नाही. पण भांडण पेटल्यावर लिहिलेला कागद आणि भांडणाआधीचा कागद एकाच पारड्यात घालता येत नाहीत.

सीडीरेकॉर्ड हा बर्लिनच्या यॉर्ग शिलिंग यांचा प्रोग्राम. त्याची पहिली आवृत्ती 1996 ची. युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालींवर सीडी लिहिण्याचे मोकळे साधन त्या वेळी नव्हते म्हटले तरी चालेल. शिलिंग सोलारिस या युनिक्स प्रणालीचे जाणकार होते, स्कझी या जोडणी-पद्धतीवर त्यांची हुकूमत होती आणि बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या ड्राइव्हच्या खोडी ते स्वतः तपासून कोडमध्ये हाताळत. पुढची दहा वर्षे लिनक्सवर सीडी 'बर्न' करणारी बहुतेक सगळी खिडकीवाली ॲप्लिकेशन्स आतून सीडीरेकॉर्डलाच कामाला लावत होती. त्याच संचात 'एमकेआयएसओएफएस' हा दुसरा प्रोग्राम होता. फाइलींचा ढीग घेऊन त्याची सीडीवर चढवण्याजोगी प्रतिमा तयार करणे हे त्याचे काम. हा शिलिंग यांचा मूळचा नव्हे. त्याच्या मुख्य फाइलच्या माथ्यावर लेखक म्हणून एरिक यंगडेल यांचे नाव, 1993 साल आणि यगड्रासिल कॉम्प्युटिंग या कंपनीचा कॉपीराइट आहे. मॅकच्या डिस्क बनवण्याचा भाग जेम्स पिअर्सन यांनी जोडला. शिलिंग यांनी हा प्रोग्राम पुढे सांभाळला, वाढवला. पण मालकी अनेकांची राहिली आणि परवाना जीपीएल राहिला. पुढचा सगळा गुंता या मिश्र मालकीतून उभा राहतो, म्हणून ही नावे इथेच नोंदवून ठेवतो.

डेबियनला या संचाची गरज इतरांपेक्षा जास्त होती. डेबियन स्वतःच सीडींच्या रूपाने वाटले जाई आणि त्या सीडींच्या प्रतिमा एमकेआयएसओएफएसनेच तयार होत. डेबियनच्या सीडी-पथकातले स्टीव्ह मॅकइंटायर यांनी तर या प्रोग्रामला एक खास जोड लिहिली होती: प्रतिमा तयार होत असतानाच 'जिगडो'साठी लागणारा साचा तयार करणारी. जिगडोमुळे अख्खी सीडी उतरवून घेण्याऐवजी तिच्यातली पॅकेजेस जवळच्या सर्व्हरवरून घेऊन सीडी घरीच जुळवता येई. म्हणजे हे पॅकेज काढून टाकले असते, तर डेबियनला स्वतःची पुढची आवृत्ती वाटणेही अवघड झाले असते.

शिलिंग यांच्याशी संबंध बिघडायला परवाना बदलण्याच्या आधीच सुरुवात झाली होती आणि त्याचा पुरावा प्रोग्रामच्याच तोंडी आहे. लिनक्सवर ड्राइव्हचा पत्ता कसा द्यावा, यावरून शिलिंग आणि लिनक्स कर्नेलचे विकासक यांच्यात मतभेद होते. लिनक्सवाल्यांना साधे डिव्हाइसचे नाव पुरेसे वाटे. शिलिंग यांचा आग्रह बस, टार्गेट, लन अशा तीन आकड्यांच्या स्कझी पत्त्याचा. डिव्हाइसचे नाव देऊन सीडीरेकॉर्ड चालवला, की अशा रीतीने उघडणे अभिप्रेत नाही आणि त्याला आधार नाही, असा इशारा तो छापत असे. ऑगस्ट 2004 मध्ये 2.6.8 हे कर्नेल आले. त्यात सुरक्षिततेसाठी साध्या वापरकर्त्याने ड्राइव्हला पाठवलेले काही आदेश अडवले जाऊ लागले आणि रूट नसलेल्यांचे सीडी लिहिणे बंद पडले. डेबियनसारख्या वितरणांनी आपापली ठिगळे लावली. शिलिंग यांना ती ठिगळे मान्य नव्हती, कारण त्या ठिगळांतून निघालेल्या चुकांची पत्रे त्यांच्याकडे येत.

त्यांची ही तक्रार खरी होती. तिच्यावर त्यांनी काढलेला उपाय मात्र परवान्याच्या हद्दीत गेला. सीडीरेकॉर्डच्या सोर्समध्ये एका ठिकाणी टीप आली: इथून पुढचा कोड गुणवत्तेच्या हमीसाठी राखीव आहे, आवृत्ती आणि कॉपीराइट छापणारा हा भाग बदलण्याची किंवा काढण्याची परवानगी नाही. आधार म्हणून जीपीएलच्या दुसऱ्या कलमातल्या 'क' उपकलमाचा हवाला दिलेला. ते उपकलम पाहिले, तर ते चालू असताना वापरकर्त्याकडून आदेश घेणाऱ्या प्रोग्रामबद्दल आहे: सुरू होताना कॉपीराइटची आणि हमी नसल्याची सूचना दाखवावी, एवढेच ते मागते. विशिष्ट ओळी जशाच्या तशा गोठवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. उलट सहावे कलम सांगते, की प्रोग्राम पुढे देणाऱ्याने घेणाऱ्यावर नव्या अटी लादू नयेत. डेबियनने त्या वेळी तो भाग पाळला. सार्जच्या काळात डेबियनवर सीडीरेकॉर्ड चालवणाऱ्याला दर वेळी एक लांबलचक सूचना दिसे: ही अधिकृत नसलेली, बदललेली आवृत्ती आहे, मूळ आवृत्तीत नसलेल्या चुका हिच्यात असू शकतात, तक्रारी डेबियनच्या पत्त्यावर पाठवा, मूळ लेखकाला त्रास देऊ नका. ही सूचना हाच त्या दोन वर्षांतल्या तडजोडीचा दस्तऐवज आहे. संशयाचा मुद्दा दिसत असूनही डेबियनने पॅकेज काढले नाही, ही गोष्ट नंतरच्या आरोप-प्रत्यारोपांत हरवते.

इथे डेबियनच्या नियमांबद्दल थोडे सांगायला हवे. जुलै 1997 मध्ये डेबियनने आपला सामाजिक करार स्वीकारला आणि त्याचाच भाग म्हणून मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोट्या ठरवल्या. ब्रूस पेरेन्स यांनी त्याचा मसुदा केला होता. पुढच्या वर्षी याच कसोट्यांवरून 'ओपन सोर्स'ची व्याख्या तयार झाली. 'मेन' या मुख्य विभागात यायचे, तर पॅकेजचा परवाना या कसोट्यांना उतरला पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही. डेबियनला ते पॅकेज कायदेशीरपणे वाटता आले पाहिजे. एकेका भागाचा परवाना मुक्त असूनही ते भाग एकत्र वाटता येत नाहीत, अशी स्थिती येऊ शकते. नवे पॅकेज आले, की एफटीपी-मास्टर म्हणवणारे स्वयंसेवक त्याची 'कॉपीराइट' फाइल सोर्सशी ताडून पाहतात, ती यासाठीच. तपासणीत जाणाऱ्या वेळाबद्दल कुरकुर नेहमीच असते. तरीही या कामाबद्दल मला आदर आहे.

भाग एकत्र वाटता न येण्याची अशी स्थिती डेबियनने आधी एकदा अनुभवली होती. केडीई हा डेस्कटॉप जीपीएलखाली होता, पण तो ज्या क्यूट लायब्ररीवर उभा होता तिचा परवाना जीपीएलशी जुळत नव्हता. ऑक्टोबर 1998 मध्ये डेबियनने आपली भूमिका जाहीर करून केडीईची पॅकेजेस काढली. सप्टेंबर 2000 मध्ये क्यूट जीपीएलखाली आल्यावर ती परत घेतली आणि जुलै 2002 च्या 'वुडी'मध्ये केडीई पहिल्यांदा स्थिर आवृत्तीत दाखल झाला. लोकप्रियतेसाठी परवान्याकडे डोळेझाक करायची नाही, हा पायंडा तेव्हाच पडला होता.

आता सीडीडीएल. सन मायक्रोसिस्टिम्सने सोलारिसचा सोर्स खुला करण्यासाठी हा परवाना मोझिलाच्या परवान्यावरून बेतला. जानेवारी 2005 मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्हने त्याला मान्यता दिली आणि जूनमध्ये ओपनसोलारिस आले. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या यादीत तो मुक्त परवाना आहे, पण जीपीएलशी न जुळणारा म्हणून नोंदलेला. कारण सरळ आहे. जीपीएल म्हणते, एकत्र केलेली संपूर्ण कृती माझ्याच अटींवर द्या; सीडीडीएल म्हणते, माझ्या कक्षेतल्या फाइलींचा सोर्स फक्त माझ्याच अटींवर द्या. दोन्ही अटी एकाच फाइलीवर लागू झाल्या, की वाटणाऱ्याला दोन्ही पाळता येत नाहीत.

15 मे 2006 रोजी सीडीआरटूल्सची 2.01.01ए09 ही आवृत्ती आली. तिच्यात बहुतेक संचाचा परवाना जीपीएलवरून सीडीडीएल झाला होता. तोवर वेगळ्या, बंदिस्त आवृत्तीत आणि किल्ली घेऊन मिळणारी डीव्हीडी लिहिण्याची सोयही याच वेळी खुल्या सोर्समध्ये आली. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी देणगी होती आणि परवाना-बदलाच्या गोंगाटात तिचे श्रेय शिलिंग यांना पुरेसे मिळाले नाही. एमकेआयएसओएफएस मात्र जीपीएलखालीच राहिला. तो एकट्या शिलिंग यांना बदलता येण्यासारखा नव्हताच.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मेक्सिकोतल्या ओआश्तेपेक इथे डेबियनची वार्षिक परिषद भरली होती. तिथल्या एका चर्चेचे चित्रीकरण उपलब्ध आहे. सीडीडीएल तयार होताना सनमध्ये असलेल्या डॅनीज कूपर त्यात सांगतात, की मोझिलाचा परवाना पाया म्हणून निवडताना तो जीपीएलशी न जुळणारा आहे, हाही एक हेतू होता. सोलारिस लिहिणाऱ्या अभियंत्यांची तशी इच्छा होती. हे विधान त्यानंतर असंख्य वेळा उद्धृत झाले आहे. पण त्याच वर्षी सनचे सायमन फिप्स यांनी हा तपशील नाकारला आणि सोलारिसच्या पथकातल्या ब्रायन कँट्रिल यांनीही पुढे कूपर यांच्या म्हणण्याला विरोध केला. एका सहभागी व्यक्तीची साक्ष, आणि तिच्या विरुद्ध त्याच कंपनीतल्या इतरांची साक्ष: एवढ्यावरून सनचा हेतू सिद्ध होत नाही. डेबियनच्या निर्णयासाठी तो सिद्ध होण्याची गरजही नव्हती. परवाना का लिहिला, यापेक्षा त्यात काय लिहिले आहे, यावर पॅकेज राहते किंवा जाते.

मुख्य प्रश्न असा होता: एमकेआयएसओएफएस जीपीएलखाली आहे, सीडीरेकॉर्ड सीडीडीएलखाली आहे, दोन्ही वेगवेगळे प्रोग्राम आहेत, मग अडचण कुठे आली? दोन स्वतंत्र प्रोग्राम एकाच टारबॉलमध्ये शेजारी ठेवायला जीपीएलची हरकत नाही. अडचण दोन ठिकाणी होती. एक म्हणजे एमकेआयएसओएफएस ज्या लायब्ररींना जोडून तयार होई, त्या शिलिंग यांच्या होत्या आणि नव्या परवान्याखाली गेल्या होत्या. दुसरी आणि जास्त नेमकी अडचण मेकफाइलींची. शिलिंग यांनी कित्येक वर्षांच्या मेहनतीने स्वतःची एक मेकफाइल-व्यवस्था उभी केली होती. तिच्यामुळे तोच सोर्स डझनावारी प्रणालींवर कंपाइल होई. ही व्यवस्थाही सीडीडीएलखाली होती.

जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर जून 1991 चा. त्याचे तिसरे कलम बायनरी वाटण्याबद्दल आहे. बायनरी देणाऱ्याने सोबत संपूर्ण सोर्स द्यावा आणि तो पहिल्या व दुसऱ्या कलमांच्या अटींवर द्यावा, असे ते सांगते. पुढे त्याच कलमात संपूर्ण सोर्स म्हणजे काय, याची व्याख्या येते: सर्व मॉड्यूलांचा सोर्स, इंटरफेसच्या व्याख्या असलेल्या फाइली आणि प्रोग्राम कंपाइल व इन्स्टॉल करण्याचे काम चालवणाऱ्या स्क्रिप्ट.

शिलिंग यांचे म्हणणे असे होते, की स्क्रिप्ट सोबत द्याव्यात एवढेच हे कलम मागते. त्या कोणत्या परवान्याखाली असाव्यात, हे ते सांगत नाही. शिवाय मेकफाइल-व्यवस्था हा स्वतंत्र प्रकल्प आहे, तो एमकेआयएसओएफएसचा भाग नाही. लायब्ररींबद्दलही त्यांचे म्हणणे तसेच: त्या स्वतंत्रपणे लिहिलेल्या आहेत, एमकेआयएसओएफएसवरून बेतलेल्या नाहीत, म्हणून जीपीएल त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. व्याख्येचे वाक्य एकटे वाचले, तर त्यात परवान्याचा उल्लेख खरोखरच नाही.

पण कलम एकटे वाक्य म्हणून वाचायचे नसते. आधीचे वाक्य सांगते, की संपूर्ण सोर्स जीपीएलच्या अटींवर द्यावा. नंतरचे वाक्य सांगते, की स्क्रिप्ट या संपूर्ण सोर्सचा भाग आहेत. दोन्ही एकत्र ठेवली, की स्क्रिप्टही जीपीएलच्या अटींवर देणे आले, आणि सीडीडीएलखालची फाइल तशी देता येत नाही. डेबियनचे वाचन हे होते, आणि मजकूर समोर ठेवून मला तेच बरोबर वाटते. शिलिंग स्वतःच्या कोडचे मालक होते, त्यामुळे त्यांच्याच कोडपुरते ते काहीही करायला मोकळे होते. डेबियनला मात्र यंगडेल, पिअर्सन आणि इतरांच्या कोडची बायनरी वाटायची होती, ती जीपीएलने दिलेल्या परवानगीवर. ती परवानगी ज्या अटीवर मिळते, तीच अट पुरी होत नव्हती.

सीडीडीएलबद्दल डेबियनला तिटकारा होता, असे या प्रकरणावरून म्हटले जाते. कागद तसे सांगत नाहीत. निव्वळ सीडीडीएलखालची पॅकेजेस डेबियनच्या मुख्य विभागात पुढेही आली. आक्षेप मिश्रणाला होता.

या आक्षेपामागे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्याकडच्या वाचकाला चटकन पटेल. डेबियन जे वाटते, ते पुढे शेकडो सर्व्हर वाटतात, सीडी विकणारे वाटतात, मित्राला प्रत काढून देणारा विद्यार्थी वाटतो. त्या वर्षांत महाराष्ट्रात इंटरनेट संथ आणि महाग होते; लिनक्स पोचायचे ते मासिकांसोबत आलेल्या आणि हातोहात नकललेल्या सीडींवरून. त्या प्रत्येक हाताला परवान्याच्या अटी लागू होत्या आणि त्यांतल्या कोणाकडेही वकील नव्हता. परवाना या सगळ्यांच्या वतीने डेबियनचा पॅकेजर वाचत होता. शंकेचा फायदा त्याने स्वतःसाठी घेतला, तर जोखीम या सगळ्यांच्या गळ्यात पडणार होती.

377109 ही बग-नोंद जुलै 2006 ची. पॅकेज वाटण्याजोगे राहिलेले नाही, म्हणून ते हटवावे, हा तिचा विषय. तिच्याखाली वाढत गेलेला मजकूर आज वाचायला जड जातो. शिलिंग स्वतः तिथे उतरले. कायद्याच्या मुद्द्यांत व्यक्तिगत शेरे मिसळत गेले, आणि तसे ते दोन्ही बाजूंनी झाले. तोडग्याची एक वाट शेवटपर्यंत मोकळी होती: मेकफाइली आणि लायब्ररींना सीडीडीएलसोबत दुसराही परवाना द्यायचा, म्हणजे घेणाऱ्याला जो हवा तो निवडता येईल. शिलिंग यांनी ती घेतली नाही. आपल्या परवान्यात मुळात दोष नाही, असे मानणाऱ्याने ती का घ्यावी, हेही समजण्यासारखे आहे.

सप्टेंबर 2006 च्या सुरुवातीला डेबियनचे यॉर्ग यास्पर्ट यांनी इतर विकासकांना कळवले, की फोर्क झाला आहे. एडुआर्ड ब्लॉख, स्टीव्ह मॅकइंटायर आणि आणखी काही जण त्यात होते. नाव ठेवले सीडीआरकिट. पाया म्हणून 2.01.01ए08 ही आवृत्ती घेतली, परवाना बदलण्याच्या लगेच आधीची. जीपीएलखाली एकदा दिलेली प्रत परत घेता येत नाही, याचा हा थेट उपयोग. शिलिंग यांची मेकफाइल-व्यवस्था काढून तिच्या जागी सीमेक ही दुसरी व्यवस्था बसवली, कारण वादाचे मूळ तिथेच होते. फोर्कच्या सोर्समधली 'फोर्क' ही फाइल या निर्णयाची कारणे नोंदवते.

नावेही बदलली. सीडीरेकॉर्डचा वोडिम झाला, एमकेआयएसओएफएसचा जेनआयएसओइमेज, गाण्यांच्या सीडी वाचणाऱ्या सीडीडीए2वॅव्हचा आइसडॅक्स. शिलिंग यांचा जुना आक्षेप होता, की बदललेल्या प्रोग्रामचा दोष माझ्या नावावर येतो. नाव बदलल्यामुळे त्या आक्षेपाचा एक भाग तरी मिटला. ज्यांच्या स्क्रिप्ट जुन्या नावांवर चालत होत्या, त्यांच्यासाठी जुन्या नावांचे दुवे ठेवले. त्याच वर्षी डेबियनमध्ये फायरफॉक्सचा आइसवीझल झाला. तिथे प्रश्न ट्रेडमार्कचा होता, पण दोन्ही वाद त्याच काळातले होते.

8 एप्रिल 2007 रोजी डेबियन 4.0, 'एच', सीडीआरकिटसह बाहेर पडले. फेडोरासह इतर मोठी वितरणेही लवकरच त्याच संचाकडे वळली. जेन्टूने मात्र मूळ सीडीआरटूल्स ठेवले. जेन्टूवर बहुतेक प्रोग्राम वापरणाऱ्याच्या संगणकावरच कंपाइल होतात. जीपीएलचे तिसरे कलम बायनरी वाटताना लागते. स्वतःसाठी कंपाइल करून वापरणाऱ्याला ते लागत नाही. एकाच सोर्सबद्दल दोन वितरणांचे निर्णय वेगळे झाले, त्याला त्यांची वाटण्याची पद्धत हेही एक कारण होते.

फोर्कची किंमत काय पडली, हेही नोंदवायला हवे. शिलिंग यांनी आपले काम थांबवले नाही. 2010 मध्ये सीडीआरटूल्स 3.00 आले. त्याच वर्षी सीडीआरकिटची 1.1.11 ही आवृत्ती आली आणि ती शेवटची ठरली. फोर्क करणाऱ्यांत पॅकेजिंगची आणि परवान्यांची जाण होती. ड्राइव्हच्या खोडी वीस-वीस तास बसून समजून घेणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता. ब्लू-रेच्या बाबतीत वोडिम मागे पडला आणि वापरणाऱ्यांना त्याचा त्रास झाला. परवाना बरोबर वाचल्याने प्रोग्राम चांगला होत नाही. शिलिंग यांची ही टीका रास्त होती. सीडीआरकिट हाच बेकायदेशीर आहे, हे त्यांचे म्हणणे मात्र मला पटत नाही. जीपीएलखालच्या आवृत्तीवरून फोर्क करणे हा जीपीएलने दिलेला हक्कच आहे. पुढे थॉमस श्मिट यांच्या झॉरिसोने डेबियनची मोठी गरज भागवली. तो जीपीएलखाली आहे आणि डेबियन आपल्या मुख्य इन्स्टॉलेशन डिस्क त्यानेच तयार करू लागले.

दहा वर्षांनी हेच दोन परवाने पुन्हा समोरासमोर आले, या वेळी सीडीडीएलखालच्या झेडएफएस या फाइलप्रणालीवरून. एप्रिल 2016 च्या उबुंटू 16.04 मध्ये झेडएफएसचे तयार मॉड्यूल जीपीएलखालच्या लिनक्स कर्नेलसोबत दिले गेले. त्याआधी फेब्रुवारीतच सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने हा जीपीएलचा भंग असल्याचे मत जाहीर केले होते. डेबियनने सोर्सचे पॅकेज 'मेन'बाहेरच्या 'कॉन्ट्रिब' विभागात ठेवले. ते वापरणाऱ्याच्या संगणकावर कंपाइल होते.

यॉर्ग शिलिंग 10 ऑक्टोबर 2021 रोजी वारले. त्यांचा कोड इतर लोक पुढे सांभाळत आहेत आणि त्यावरचा परवाना सीडीडीएलच आहे.

आता मराठीत काम करणाऱ्या प्रोग्रामरांना एक विनंती. शब्दकोश, फाँट, कळफलक, शुद्धलेखन-तपासनीस असे काही मोकळे करताना मुख्य कोडला परवाना लिहिण्याची काळजी आपण घेतो. मेकफाइल, बिल्ड-स्क्रिप्ट आणि सोबतच्या डेटाच्या फाइली मात्र तशाच राहतात. त्यांनाही परवाना लिहा आणि तो मुख्य परवान्याशी जुळतो की नाही, ते पाहा. इतरांचा कोड घेतला असेल, तर त्यांची नावे आणि साल फाइलच्या माथ्यावरून काढू नका. पॅकेजर त्यावरच निर्णय घेतो.